दुसऱ्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी नेमकी कुठे आहे, हे कसे शोधावे

एका संगणकावर अनेकांची खाती असतात तेव्हा दुसऱ्याच्या होम डिरेक्टरीचा, म्हणजे त्याच्या फायली ठेवलेल्या फोल्डरचा, पत्ता हवा असण्याचे प्रसंग वारंवार येतात. सहकाऱ्याने तयार केलेली माहिती आपल्या प्रोग्रॅमला वाचायची असते, डिस्क कोणाच्या फायलींनी भरली हे पाहायचे असते, नव्या विद्यार्थ्याच्या खात्यात एसएसएचची (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीची) की ठेवायची असते, किंवा रोज रात्री चालणाऱ्या बॅकअपच्या स्क्रिप्टला केवळ लॉगिन नावावरून प्रत्येकाची डिरेक्टरी सापडावी लागते. विद्यापीठाच्या एखाद्या विभागातला सर्व्हर असो, कंपनीतले सामायिक लिनक्स मशीन असो, की पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्मसारखा महासंगणक असो, गरज सगळीकडे सारखीच असते. बहुतेक जण अशा वेळी /होम/ असे लिहून त्यापुढे लॉगिन नाव जोडतात आणि बहुतेक वेळा ते चालतेही. चालते म्हणूनच ही सवय धोक्याची आहे, कारण ज्या मशीनवर ते चालत नाही तिथे स्क्रिप्ट मुकाट्याने भलत्याच जागी फायली लिहून मोकळी होते. होम डिरेक्टरीचा पाथ, म्हणजे पूर्ण पत्ता, ही खात्याच्या नोंदीतली एक स्वतंत्र बाब आहे आणि ती सिस्टीमलाच विचारून घ्यायला हवी.

या लेखातील कमांड उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या आणि आकडेही इंग्रजी कळांनीच द्यायचे. स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरे सुटी करून सांगितली आहेत. उदाहरणातल्या वापरकर्त्याचे लॉगिन नाव स्नेहल असे धरले आहे.

अंदाज का चुकतो

सुरुवातीच्या युनिक्समध्ये वापरकर्त्यांच्या डिरेक्टऱ्या /यूएसआर खाली असत. /होम ही पुढे रूढ झालेली प्रथा आहे, सक्ती नव्हे. सोलारिसवर खऱ्या डिरेक्टऱ्या /एक्स्पोर्ट/होम खाली राहतात आणि ऑटोमाउंटर त्या गरजेनुसार /होम खाली जोडून देतो. फ्रीबीएसडीवर /होम ही अनेक वर्षे /यूएसआर/होमकडे नेणारी नुसती लिंक होती. मॅकवर सगळ्यांच्या डिरेक्टऱ्या /यूजर्स खाली असतात. लिनक्सवरसुद्धा रूट या सर्वाधिकारी खात्याची होम /रूट असते, डेबियनमध्ये वेब सर्व्हरच्या खात्याची होम /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असते, आणि मोठ्या संस्थांमध्ये डिस्क भरत गेल्या की नव्या वापरकर्त्यांची सोय /डेटा२, /डेटा३ अशा वेगवेगळ्या ठिकाणी केली जाते.

याहून नेहमी आढळणारे कारण म्हणजे नावबदल. लग्नानंतर एखादीचे आडनाव बदलले, तिने कार्यालयाला कळवले आणि ॲडमिनने यूजरमॉड कमांडच्या -एल या पर्यायाने लॉगिन नाव बदलून दिले, तर बदलते ते फक्त नाव. डिरेक्टरी आपोआप हलत नाही. ती हलवायची असेल तर -डी आणि -एम हे पर्याय वेगळे द्यावे लागतात. परिणामी नवे लॉगिन एक आणि डिरेक्टरीवरचे नाव दुसरे अशी स्थिती वर्षानुवर्षे राहू शकते. तिच्या कामाला त्याने काही बाधा येत नाही, मात्र अंदाजाने पाथ लिहिणारी प्रत्येक स्क्रिप्ट तिच्या खात्याशी अडखळते.

समोर बसून शोधायचे असेल तर: टिल्ड

टर्मिनलवर स्वतः काम करत असताना सर्वांत जवळची वाट म्हणजे टिल्ड, म्हणजेच ~ हे चिन्ह. नुसते ~ लिहिले तर स्वतःची होम मिळते, हे सर्वांना माहीत असते. त्याला लागूनच, मध्ये जागा न सोडता, दुसऱ्याचे लॉगिन नाव लिहिले तर त्या व्यक्तीची होम मिळते, हे मात्र अनेक वर्षे लिनक्स वापरणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसते.

इको ~स्नेहल

एवढे लिहून एंटर दाबले की शेल, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, पूर्ण पाथ छापते. याच पद्धतीने सीडी ~स्नेहल किंवा एलएस ~स्नेहल/निकाल असेही लिहिता येते, म्हणजे पाथ वेगळा शोधून काढण्याचीही गरज उरत नाही. नाव पूर्ण आठवत नसेल तर बॅशमध्ये ~ नंतर पहिली काही अक्षरे टाइप करून टॅब दाबावा. जुळणारी लॉगिन नावे शेल स्वतःच पुरवते. सत्तरच्या दशकातील एडीएम-३ए या टर्मिनलच्या कीबोर्डवर टिल्ड आणि होम हे दोन्ही एकाच कळीवर होते, आणि या चिन्हाला हा अर्थ तिथूनच चिकटला. आज ही सोय पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामायिक मानकाचा भाग आहे, त्यामुळे बॅश, झेडशेल, डॅश अशा सगळ्या नेहमीच्या शेलमध्ये ती सारखीच मिळते.

टिल्डच्या काही मर्यादा मात्र नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण त्या न समजल्यामुळेच लोक तिच्यावर विसंबून फसतात. पहिली अशी की नाव अस्तित्वात नसेल तर बॅश चूक दाखवत नाही, लिहिलेला मजकूर जसाच्या तसा परत करते. त्यामुळे इको ~स्नेहाल असे चुकून लिहिले तर उत्तर म्हणून ~स्नेहाल एवढेच छापले जाते. उत्तराची सुरुवात तिरप्या रेघेने झाली आहे ना, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. दुसरी मर्यादा अशी की अवतरणचिन्हांच्या आत टिल्डचा विस्तार होत नाही. पाथमध्ये रिकामी जागा आहे म्हणून सगळाच पाथ अवतरणचिन्हांत घातला तर टिल्ड हे केवळ एक अक्षर उरते. अशा वेळी ~स्नेहल/ एवढा भाग बाहेर ठेवून पुढचा भाग अवतरणचिन्हांत घ्यावा.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. लॉगिन नाव व्हेरिएबलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टने किंमत साठवलेल्या नावात, असेल तर ~$नाव असे लिहून बॅशमध्ये काहीही साधत नाही. शेल टिल्डचा विस्तार आधी करते आणि व्हेरिएबलची किंमत नंतर भरते. टिल्डची पाळी येते तेव्हा तिच्यापुढे स्नेहल हे नाव नसतेच, तिथे $नाव एवढाच मजकूर असतो, आणि अशा नावाचा वापरकर्ता कुठेही नसतो. यावर तोडगा म्हणून ई-व्ही-ए-एल, म्हणजे इव्हॅल, ही कमांड पुढे जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. इव्हॅल इको ~$नाव असे लिहिले की पाथ खरोखरच मिळतो, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत फार मोठी आहे. इव्हॅल दिलेल्या मजकुराला नव्याने कमांड म्हणून वाचते, त्यामुळे त्या व्हेरिएबलमध्ये नावाऐवजी अर्धविराम आणि त्यापुढे फायली पुसणारी कमांड आली तर तीही तितक्याच निष्ठेने चालवली जाते. नाव बाहेरून, म्हणजे वेबफॉर्ममधून, फाइलमधून किंवा कमांडच्या आर्ग्युमेंटमधून येत असेल आणि स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालत असेल, तर संपूर्ण मशीन दुसऱ्याच्या हाती दिल्यासारखे होते. हा मार्ग स्क्रिप्टमध्ये कधीही वापरू नये.

स्क्रिप्टसाठी खात्रीचा मार्ग: गेटएंट

खात्यांची मूळ नोंद लिनक्सवर /ईटीसी/पासडब्ल्यूडी या फाइलमध्ये असते. शेवटच्या शब्दाची अक्षरे पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी. नावावरून पासवर्डची फाइल वाटत असली तरी एन्क्रिप्ट केलेले पासवर्ड आता /ईटीसी/शॅडोमध्ये असतात आणि ही फाइल सर्वांना वाचता येते. तिच्यातली एक ओळ म्हणजे एक खाते, आणि ओळीत अपूर्णविरामाने वेगळे केलेले ७ रकाने:

स्नेहल:एक्स:१०४२:१०४२:स्नेहल, भौतिकशास्त्र:/डेटा३/विद्यार्थी/स्नेहल:/बिन/बॅश

लॉगिन नाव, पासवर्डच्या जागी ठेवलेले अक्षर, वापरकर्त्याचा क्रमांक, ग्रूपचा क्रमांक, नावगावाची माहिती, होम डिरेक्टरी आणि शेल असा क्रम आहे. पाचव्या रकान्याला आजही गेकॉस म्हणतात. बेल लॅब्जमधील युनिक्स यंत्रे छपाईची कामे ज्या जीकॉस यंत्राकडे पाठवत, तिथल्या खात्याची ओळख या रकान्यात लिहिलेली असे. आपल्याला हवा असलेला रकाना सहावा.

हे वाचल्यावर साहजिकच वाटते की ग्रेप कमांडने या फाइलमध्ये नाव शोधावे आणि काम संपवावे. घरच्या लॅपटॉपवर तेवढे पुरते. संस्थेच्या सर्व्हरवर मात्र बहुतेक खाती या फाइलमध्ये नसतातच. ती एलडॅप, ॲक्टिव्ह डिरेक्टरी किंवा जुन्या ठिकाणी एनआयएस अशा मध्यवर्ती सेवेत असतात, आणि फाइलमध्ये फक्त रूट व सिस्टीमची खाती राहतात. कुठे कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचे, हे /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमधील पासडब्ल्यूडीच्या ओळीत लिहिलेले असते. गेटएंट, अक्षरे जी-ई-टी-ई-एन-टी, ही कमांड तो क्रम पाळून विचारणा करते, म्हणून खाते कुठेही असले तरी उत्तर एकाच साच्यात मिळते:

गेटएंट पासडब्ल्यूडी स्नेहल

उत्तर म्हणून वरच्यासारखी एक पूर्ण ओळ येते. फक्त पाथ हवा असेल तर ती ओळ कट कमांडकडे पाठवून सहावा रकाना मागावा:

गेटएंट पासडब्ल्यूडी स्नेहल | कट -डी: -एफ६

इथे -डी नंतरचा अपूर्णविराम रकाने कशाने वेगळे केले आहेत ते सांगतो आणि -एफ६ हवा तो रकाना. ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलेल्या मशीनवर मिळणारे उत्तर पुष्कळदा चकित करते, कारण तिथे होमच्या नावात लॉगिन नाव, @ आणि डोमेन असे सगळे मिळून आलेले असते. अंदाजाने हा पाथ कोणालाही लिहिता आला नसता. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नाव न देता नुसते गेटएंट पासडब्ल्यूडी लिहिले तर सर्व खात्यांची यादी मिळेल, असे गृहीत धरू नये. मध्यवर्ती सेवेशी बोलणारी एसएसएसडी ही प्रणाली मूळ मांडणीत संपूर्ण यादी देत नाही, फक्त नेमके नाव विचारले तरच उत्तर देते. यादीत नाव दिसले नाही, म्हणजे खाते नाही, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

स्क्रिप्टमध्ये ही कमांड वापरताना एक बारकावा पाळणे फार गरजेचे आहे. नाव सापडले नाही तर गेटएंट २ हा एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) देते, पण वरीलप्रमाणे पुढे पाइप, म्हणजे | हे चिन्ह, लावला की शेलला दिसतो तो शेवटच्या, म्हणजे कट कमांडचा कोड, आणि कटला रिकामी ओळ मिळाली तरी तिचे काम यशस्वीच ठरते. चूक अशा रीतीने गिळली जाते आणि व्हेरिएबल रिकामे राहते. त्या पुढच्या ओळीत आरएम -आरएफ "$घर"/टेंप अशी, न विचारता सगळे पुसणारी कमांड असेल, तर रिकाम्या व्हेरिएबलमुळे कमांड थेट /टेंपवर चालते. टेंपच्या जागी तारांकन असेल तर ती मुळापासून सगळी डिस्क पुसायला निघते. म्हणून दोन पायऱ्या कराव्यात. आधी पूर्ण ओळ व्हेरिएबलमध्ये घेऊन तिथेच अपयश तपासावे, आणि मगच तिच्यातून पाथ काढावा:

ओळ=$(गेटएंट पासडब्ल्यूडी "$नाव") || एक्झिट १
घर=$(इको "$ओळ" | कट -डी: -एफ६)

प्रत्यक्ष स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलची नावेही अर्थात रोमन लिपीतच लागतात. यानंतर घर रिकामे नाही आणि त्या पाथवर खरोखर डिरेक्टरी आहे, या दोन्ही गोष्टी तपासाव्यात. दुसरी तपासणी अनेकांना अनावश्यक वाटते, पण नोंदीत पाथ आहे म्हणजे डिस्कवर डिरेक्टरी आहे असे नाही. अनेक ठिकाणी होम पहिल्या लॉगिनच्या वेळीच तयार होते, आणि डेबियनवर नोबडी या खात्याची नोंदलेली होम मुळात /नॉनएक्झिस्टंट अशीच आहे. याच्या उलटही घडते: ऑटोमाउंटर असलेल्या मशीनवर एलएस /होम लिहून यादी पाहिली तर तिथे दोनचारच नावे दिसतात, कारण बाकीच्या डिरेक्टऱ्या कोणी त्यांना हात लावेपर्यंत जोडल्याच जात नाहीत. अशा वेळी यादीवर विसंबून न राहता मिळालेला पूर्ण पाथ थेट उघडून पाहावा.

पायथनमध्ये लिहीत असाल तर पीडब्ल्यूडी या मॉड्यूलमधील गेटपीडब्ल्यूनॅम हे फंक्शन वापरावे. त्याच्या उत्तरातील पीडब्ल्यू_डीआयआर म्हणजे होम, आणि नाव नसेल तर कीएरर मिळतो, जो पकडून हाताळता येतो. ओएस.पाथ.एक्स्पँडयूजर हे फंक्शनही ~स्नेहल समजते, पण नाव सापडले नाही तर बॅशप्रमाणेच मजकूर तसाच परत करते, म्हणून माझी पसंती पहिल्यालाच आहे. सीमध्ये याच नावाचे मूळ फंक्शन आहे आणि थ्रेड वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याचे _आर जोडलेले रूप घ्यावे लागते.

होम व्हेरिएबलचा गैरसमज

$होम या व्हेरिएबलमध्ये चालू सत्राची होम असते, दुसऱ्याची नव्हे, आणि तेही कोणी बदलले नसेल तरच. सूडो ही दुसऱ्याच्या अधिकाराने काम करू देणारी कमांड वापरून दुसऱ्याच्या नावाने कमांड चालवली की $होम बदलते की जुनेच राहते, हे सूडोच्या मांडणीवर अवलंबून असते, आणि इको $होम असे लिहिले तर आपले शेल सूडो सुरू होण्याआधीच आपल्या स्वतःच्या होमची किंमत भरून टाकते. दुसऱ्याचे पूर्ण लॉगिन वातावरण हवे असेल तर सूडोला -आय द्यावे. फक्त पाथ हवा असेल तर त्यासाठी सूडोची गरजच नाही, कारण ही नोंद कोणालाही वाचता येते.

मॅक आणि विंडोज

मॅकवर गेटएंट नाही, आणि तिथली /ईटीसी/पासडब्ल्यूडी फाइल नेहमीच्या वापरात पाहिली जात नाही. खाती ओपन डिरेक्टरीत असतात. टिल्ड मात्र तिथेही चालते. स्क्रिप्टसाठी डीएससीएल ही कमांड आहे: तिला एक बिंदू, -रीड, /यूजर्स/स्नेहल आणि एनएफएसहोमडिरेक्टरी हे चार शब्द द्यायचे. शेवटच्या शब्दात एन, एफ, एस, एच आणि डी ही अक्षरे मोठी, आणि यूजर्समधला यूही मोठा. खाते नेटवर्कवरचे असेल तर बिंदूऐवजी /सर्च लिहावे, त्यातही एस मोठा.

विंडोजवर सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरमध्ये पाहून अंदाज बांधला जातो आणि तोही फसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केले असेल तर फोल्डरला ईमेलची पहिली ५ अक्षरे मिळतात, आणि नंतर खात्याचे नाव बदलले तरी फोल्डर जुनाच राहतो. खरी नोंद रजिस्ट्रीमध्ये प्रोफाइललिस्ट या कीखाली प्रत्येक खात्याच्या एसआयडीनुसार, म्हणजे विंडोजने दिलेल्या ओळख क्रमांकानुसार, असते. तिच्यातील प्रोफाइलइमेजपाथ म्हणजे आपल्याला हवा तो पत्ता.

पत्ता मिळाल्यानंतर

पाथ कळला म्हणजे आत जाता येतेच असे नाही, आणि जाता आले तरी तशी मुभा दिली गेली आहे असेही नाही. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या होम डिरेक्टऱ्यांना ७५० ही परवानगी ठेवली, म्हणजे मालक आणि त्याचा ग्रूप वगळता इतरांना दार बंद. त्याआधी ती ७५५ असे आणि कोणीही आत डोकावू शकत असे. जुन्या सर्व्हरवर आजही तशीच खाती आढळतात. आपल्याला परवानगी नाकारली गेली तर दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी एन-ए-एम-ई-आय, म्हणजे नेमआय, ही कमांड -एल पर्यायासह पूर्ण पाथवर चालवावी. ती मुळापासून शेवटपर्यंत प्रत्येक डिरेक्टरीची परवानगी एकेका ओळीत दाखवते. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीवर एक्स ही, म्हणजे आत शिरण्याची, परवानगी लागते. एका ठिकाणी ती नसली तरी आतली फाइल सर्वांसाठी खुली असूनही उघडत नाही.

अशा वेळी फाइलच्या मालकाला विनंती करावी, आणि मालक आपण असू तर ७७७, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या, देऊन मोकळे होऊ नये. तो उपाय इतका सवयीचा झाला आहे की त्याचे परिणाम कोणी पाहत नाही: होमवर ग्रूपला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी मिळताच एसएसएचचा सर्व्हर त्याच्या नेहमीच्या मांडणीत त्या खात्यातील कीजवर विश्वास ठेवणे थांबवतो, आणि दुसऱ्याला आत घेण्याच्या नादात स्वतःचेच कीने होणारे लॉगिन बंद पडते. सेटएफएसीएल कमांडने त्या एकाच सहकाऱ्याला होमवर केवळ एक्स आणि हव्या त्या डिरेक्टरीवर आर (वाचण्याची परवानगी) व एक्स द्यावे. काम दीर्घकाळ चालणार असेल, तर ॲडमिनकडून दोघांच्या ग्रूपसाठी होमबाहेर स्वतंत्र डिरेक्टरी मागून घ्यावी. मग दोघांपैकी कोणाचे लॉगिन नाव बदलले किंवा कोणाची होम दुसऱ्या डिस्कवर गेली, तरी सामायिक फायलींचा पाथ तोच राहतो.